आठ हाडं, आठ टाके

परीक्षेच्या दिवसांना माझ्या लेखी ओल्या मातीचा आणि लोकरीचा वास आहे. दुसऱ्या कुणाला विचारलं तर तो चहाचा सांगेल, झेरॉक्सच्या गरम कागदांचा सांगेल. मला मात्र डिसेंबर अर्धा सरला, बेळगावात सकाळी बोलताना तोंडातून वाफा निघायला लागल्या, की नुकत्याच पाणी दिलेल्या वाफ्याचा आणि उन्हात ठेवलेल्या लोकरीचा तो मिसळलेला वास आपोआप येतो. आसपास वाफाही नसतो आणि लोकरही.

यंदाही ते दिवस आले आहेत. मी ज्या दवाखान्यात फिजिओथेरपीचं काम करते, त्याच्या समोर बसथांबा आहे. सध्या तिथं मुली उभ्या राहून पुटपुटत असतात. ओठ हलतात, डोळे आभाळाकडे. परवा एकजण बसच्या पायरीवर चढली, हातातलं एक पान वाऱ्यानं उडालं, म्हणून खाली उतरली आणि बस निघून गेली. पान छातीशी धरून ती तशीच उभी राहिली. मला आधी हसू आलं आणि पाठोपाठ तोच जुना वास.

मी गुंजीची. खानापूर सोडून गाडी लोंढ्याकडे निघाली की झाडीत एक लहानसं स्टेशन लागतं, ते आमचं. आप्पांचं भाताचं रान, थोडे काजू, दोन म्हशी. आमच्या घरातली बारावीच्या पुढं शिकणारी मी पहिली. बेळगावात फिजिओथेरपीला प्रवेश मिळाला तेव्हा आप्पांनी गावातल्या प्रत्येकाला तो शब्द तीन-तीनदा सांगितला आणि प्रत्येक वेळी निराळा उच्चारला. रोज रेल्वेनं जाऊन-येऊन करणं जमेना, म्हणून बेळगावातच शहापुरात आक्कांच्या घरी एक खोली घेतली.

आक्का म्हणजे मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. यजमान वारलेले, मूलबाळ नाही. सगळी गल्ली त्यांना आक्काच म्हणायची, तशी मीही म्हणायला लागले. घर लहान, पण मागं लांबलचक परडं. तिथं शेवंती, अबोली, कढीपत्ता, मेथी-कोथिंबिरीचे वाफे आणि भिंतीच्या कडेनं घेवड्याचा मांडव. भिंतीपलीकडं कुणाचे तरी कापड विणायचे माग होते. दिवसभर त्यांची खटखट चालायची. पहिले दोन दिवस त्या आवाजानं डोकं उठलं. तिसऱ्या दिवसापासून तो थांबला की चुकल्यासारखं व्हायला लागलं.

पहिल्या दिवशी मी सामान सोडत होते, तेव्हा आक्कांनी माझ्या ट्रंकेतली वाकळ उचलून उजेडात धरली. आईनं जुन्या लुगड्यांची शिवलेली ती वाकळ. त्यांनी एका कडेनं दुसऱ्या कडेपर्यंत टाक्यांवरून बोट फिरवलं.

"कुणी शिवली?"

"आईनं. ही कड मी."

"तुझे टाके जरा घाईचे आहेत," त्या म्हणाल्या. "पण सरळ आहेत. विणायला येतं?"

येत नव्हतं. पुढच्या रविवारी त्यांनी माझ्या हातात दोन सुया दिल्या. आक्का टाके कानडीत मोजायच्या. लहानपणी शेजारच्या कानडी काकूंकडून विणकाम शिकल्या होत्या. बोलणं मराठी, हिशेब मराठी, देवापुढची आरती मराठी, पण सुया हातात आल्या की "ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु". मीही तशीच शिकले. आजही मला टाके मराठीत मोजता येत नाहीत.

ते पहिलं वर्ष कसं गेलं कळलंच नाही. मला हाताला काहीतरी लागायचंच. वर्गात वही, घरी सुया, सकाळी परड्यात खुरपं. चुलत बहिणीच्या लग्नात रुखवत करायचं होतं, तर क्रोशाचे रुमाल आणि लोकरीचं तोरण मीच केलं. कळशीएवढ्या कागदी कमळाला चार संध्याकाळी लागल्या. लग्नात सगळ्यांनी वाखाणलं. मग उन्हाळ्यात निकाल लागला आणि ॲनाटॉमीचा, म्हणजे शरीररचनेचा, विषय राहिला.

आमच्याकडे नियम असा, की राहिलेला विषय दुसऱ्या वर्षाच्या विषयांबरोबर पुन्हा द्यायचा. तो निघाला नाही तर तिसऱ्या वर्षाला बसता येत नाही. मी हे फोनवर आप्पांना सांगितलं. मागं म्हशीच्या गळ्यातली घंटा वाजत होती.

"लोकर न् कमळं," ते म्हणाले. "तवाच मला वाटलंतं. ते लई चांगलं झालतं, मी न्हाय म्हणत न्हाय. पण आपण तुला तेवढ्यासाठी धाडलं न्हाय पोरी. यंदा निघाला न्हाय तर गुमान घरला ये. उगं तिथं बसून काय करायचं?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. त्याच दिवशी मी सुया वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि माळ्यावर टाकल्या. खुरपंही कोनाड्यात गेलं. आक्कांनी सगळं पाहिलं.

आता वाटतं, लोकांना सांगायला ते कारण सोपं होतं. आप्पांना पटलं, मलाही पटलं. माझे परीक्षेतले गुण कमी पडले ते त्या इंग्रजी नावांना मी घाबरत होते म्हणून. गुंजीच्या शाळेतून आलेल्या मला ती नावं म्हणजे रेल्वेच्या खिडकीतून दिसणाऱ्या, गाडी न थांबणाऱ्या स्टेशनांच्या पाट्या वाटायच्या. वाचेपर्यंत गेलेल्या असायच्या. पण हे कुणी मान्य करावं? त्यापेक्षा लोकरीवर ढकललेलं बरं.

दिवाळीनंतर मी पूर्णपणे पुस्तकाला बसले. टेबलावर पुस्तक, भिंतीवर वेळापत्रक. आणि डोक्यात काही जात नव्हतं. एकेक पान चारदा वाचायची. हात मांडीवर नुसते पडलेले असायचे, दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे. खिडकीतून परडं दिसायचं. शेवंती फुलून वाकली होती आणि घेवड्याच्या मांडवाची एक बाजू खाली आली होती.

"स्नेहल," एक दिवस आक्का दारात येऊन म्हणाल्या, "मांडवाला तेवढी काठी लावशील गं? माझा हात पोचत नाही."

"परीक्षा झाल्यावर लावते आक्का."

मी मान वर करूनही बघितलं नाही. त्या "बरं" म्हणाल्या आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी परड्यातून धप्पकन आवाज आला. मी धावले. स्टूल आडवं पडलं होतं. आक्का कढीपत्त्याच्या बुंध्याशी बसल्या होत्या, उजवा हात डाव्या हातात धरून. मनगट अशा बाकात वळलं होतं, की ते पाहून मला क्षणभर पुस्तकातलं चित्रच आठवलं. सुतळी अजून त्यांच्या बोटांत होती.

"काही नाही गं," त्या म्हणाल्या. ओठ पांढरे पडले होते. "वेल मात्र मोडला थोडा."

रिक्षातून दवाखान्यात जाईपर्यंत मी त्यांचा हात ओढणीच्या झोळीत धरून बसले होते. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला त्या डोळे मिटायच्या. मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होते, "आक्का, मी काल लावली असती तर." तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"मी अजून शाळेत शिकवत असते तर तुला ओरडले असते," त्या म्हणाल्या. "आज मला ओरडायला जोर नाही. तू आता गप्प बस, आणि हात नीट धर."

सहा आठवड्यांचं प्लास्टर पडलं. स्वयंपाकघरात गेल्यावर कळलं, एका हातानं माणसाला किती कमी करता येतं. पोळी लाटता येत नाही, वेणी घालता येत नाही, डब्याचं झाकणसुद्धा उघडत नाही. सकाळी यल्लूबाई दूध घेऊन आली. ती जवळच्या कंग्राळी गावची, आक्कांकडे कित्येक वर्षं दूध घालणारी. आक्कांचा हात बघून तिनं कपाळावर हात मारला.

"आता गं बाई! आन् माझ्या सुनंच्या बाळाचं स्वेटर?"

मग जीभ चावून म्हणाली, "न्हाय, तसं न्हाय ओ आक्का. हात बरा होऊ दे आदी. बाळाला गुंडाळू की कशात बी."

आक्का हसल्या. पण ती गेल्यावर त्यांनी टोपलीतून ते स्वेटर काढून बघितलं. पिवळ्या लोकरीचं, पाठ पूर्ण झालेली, पुढचा भाग अर्धा, सुया तशाच अडकलेल्या. यल्लूबाईच्या सुनेला जानेवारीत दिवस भरत होते. आक्कांनी ते मांडीवर ठेवलं, डाव्या हातानं सपाट केलं आणि परत टोपलीत ठेवलं.

मी माळ्यावर चढले. धुळीनं शिंका आल्या. वर्तमानपत्राचं पुडकं खाली आणून सोडलं, मग टोपलीतलं स्वेटर उचललं आणि आक्कांसमोर बसले.

"आप्पा काय म्हणतील?" त्यांनी विचारलं.

"आप्पा गुंजीत आहेत," मी म्हटलं.

"आणि अभ्यास?"

मी टेबलावरच्या पुस्तकाकडे बघितलं. आक्कांनी थोडा विचार केला, आणि मग डाव्या हातानं माझं जाडजूड पुस्तक ओढून घेतलं. सगळी नोकरी चौथीच्या वर्गावर काढलेल्या त्या बाई. इंग्रजी वाचायच्या, पण एकेक अक्षर जोडून. त्यांनी चष्मा नाकावर आणला.

"मी विचारते, तू सांग. हात चालू ठेव. कुठला धडा?"

"मनगटाचा आहे ना बघा, खूण घातलेली. त्यात आठ हाडं. दोन ओळी, चार-चारच्या."

"आठ?" त्यांनी आपल्या प्लास्टरकडे असं बघितलं, जणू कुणी त्यांच्या नकळत घरात भाडेकरू ठेवले होते. "एवढ्याशा जागेत? चल, सांग."

मी एक टाका सुलट विणला आणि म्हटलं, "स्कॅफॉइड." दुसरा विणला, "ल्युनेट." मग ट्रायक्वेट्रल, मग पिसिफॉर्म. चार टाके. पुढची ओळ, ट्रपेझियम, ट्रपेझॉइड, कॅपिटेट. आठव्याला अडले. सुई हवेत थांबली. आक्का पुस्तकात नाक खुपसून शोधत होत्या.

"हॅ... हॅम... हॅमेट आहे बघ."

"हॅमेट," मी म्हटलं आणि टाका ओढला.

"एंटु," आक्का म्हणाल्या. कानडीत आठ. मग पुस्तक मिटून विचारलं, "यातलं माझं कुठलं मोडलं?"

"यातलं कुठलंच नाही आक्का. ह्यांच्या वरचं. रेडियस."

"म्हणजे हे आठही जण शाबूत आहेत?"

"शाबूत आहेत."

त्यांना फार बरं वाटलं. त्यानंतर गल्लीत कुणीही हाताची चौकशी केली की त्या म्हणायच्या, "मोठं एक मोडलंय, पण आठ लहान शाबूत आहेत." ऐकणारा गोंधळून जायचा.

तिथून पुढं आमचा दिवस कसा बसला ते मी ठरवलं नाही, तो आपोआप बसत गेला. सकाळी धुकं असतानाच परड्यात जायचं. मोडलेला वेल सुतळीनं उचलून बांधला होता, तो तगला. अर्धा तास पाणी आणि खुरपणी, तेवढ्यात आदल्या दिवशीचं मनात घोळवायचं. वाफ्यातल्या गारेगार मातीत बोटं गेली की झोप पार उडायची. मग भाकरी, आक्कांची वेणी, कॉलेज. संध्याकाळी दिवे लागायच्या आधी परड्याच्या पायरीवर उन्हाची शेवटची तिरीप असायची, तिथं आक्का पुस्तक घेऊन आणि मी स्वेटर घेऊन. एक बाही म्हणजे खांद्याचे स्नायू. गळ्याची पट्टी म्हणजे मानेतल्या नसा. चुकलं की आक्का म्हणायच्या, "उसव." मी खरंच तेवढे टाके उसवायची आणि पुन्हा नावं घेत विणायची. नावांची भीती कुठल्या दिवशी गेली ते सांगता येणार नाही. एक दिवस लक्षात आलं, की मी त्यांना आक्कांच्या उच्चारानं हाका मारते आहे, आणि ती हाकेला ओ देत आहेत.

अशाच एका रविवारी आप्पा आले. नव्या भाताचे तांदूळ आणि रताळी घेऊन, न कळवता. मी पायरीवर, मांडीवर पिवळी लोकर. त्यांनी पिशवी खाली ठेवली, माझ्याकडे बघितलं, लोकरीकडे बघितलं.

"हे परत?" एवढंच म्हणाले.

मी उभी राहायला गेले तर लोकरीचा गुंडा घरंगळत त्यांच्या पायाशी गेला.

"आप्पा, बसा," आक्का म्हणाल्या. त्या आवाजात चौथीचा वर्ग होता. आप्पा बसले. "तुमच्या मुलीची मी तोंडी परीक्षा घेत होते. अर्धी झालीय. पुरी होऊ दे, मग तुम्ही बोला."

आणि त्यांनी विचारायला सुरुवात केली. खांदा, दंड, कोपर. हे कुठून निघतं, कुठं जाऊन चिकटतं, त्यानं काय हलतं. मी घाबरत सांगायला लागले. पहिल्या दोन उत्तरांना सुया नुसत्या धरून होते. तिसऱ्यापासून हात आपोआप विणायला लागले आणि आवाज सरळ झाला. आप्पांना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. ते माझ्या तोंडाकडे बघतच नव्हते. ते माझ्या हातांकडे बघत होते, जसे रानात रोप लावणाऱ्या बाईच्या हातांकडे बघतात, ओळ सरळ जाते का ते. प्रश्न संपले तेव्हा ते उठले आणि परड्यात गेले. मी बांधलेला घेवडा त्यांनी हलवून बघितला. माझी सुतळी सोडली, भिंतीकडची दोन बांबूंची टोकं खोल रोवली आणि सगळा मांडव नव्यानं आवळून बांधला. हात झटकत आले आणि म्हणाले, "असा बांधायचा असतोय. तुमची गाठ वाऱ्याला टिकली नसती."

जाताना दारात थांबले. "निकाल लागू दे. मग बघू," म्हणाले. पण रताळी भाजायची कशी, ते मला दोनदा सांगितलं. त्यावरून मी ओळखलं, त्यांना पटलंय.

जानेवारीच्या सुरुवातीला प्लास्टर निघालं. आम्ही दोघींनी त्या दिवसाची वाट बघितली होती, आणि तो दिवस वाईट गेला. आतून निघालेला हात बारीक, कोरडा, बोटं सुजून ताठ. मूठ वळेना. डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला आणि दाबत राहा म्हणून सांगितलं. आक्कांनी दोन दिवस दाबला. मग तो कपाटाच्या मागं गेला, तो गेलाच. त्या बोलायच्या कमी झाल्या. सहा आठवडे हसत काढलेल्या बाई, आता पायरीवर येऊन बसल्या तरी हात पदराखाली झाकून घ्यायच्या.

"व्यायाम केलात?" मी विचारलं की म्हणायच्या, "केला." केलेला नसायचा.

एकदा मी जरा आग्रह केला, तेव्हा त्या म्हणाल्या, "या हातानं मी पोरांच्या पाट्यांवर अक्षरं गिरवलीत गं. आता चेंडू दाबू? हा हात माझा राहिलाच नाही." आणि तोंड फिरवलं.

मला रडूच आलं. त्यांच्यासमोर नाही, दुसऱ्या दिवशी कॉलेजात, व्यायामशाळेच्या कोपऱ्यात. आमच्या मॅडमनी बघितलं. त्या फार कडक. मी भीत भीत सगळं सांगितलं, अगदी हाडांच्या टाक्यांसकट. वाटलं, हसतील. त्यांनी विचारलं, "चेंडू दाबायला नको वाटतो. काय करायला आवडतं त्यांना?"

"विणायला. आणि मातीत काम करायला."

"मग तेच दे की. पण आधी त्यांना इकडं घेऊन ये. मी हात तपासते, काय चालेल आणि काय नाही ते सांगते. मनानं काही करू नकोस, तू अजून दुसऱ्या वर्षाला आहेस."

मॅडमनी तपासलं, आणि क्रम लावून दिला. आधी कोमट पाणी. मग भुसभुशीत मातीत बोटं घालून ती वळवायची. मग चिमटीनं मेथीचं बी पेरायचं. त्यानंतर जाड सुया आणि जाड लोकर, दुखलं की थांबायचं. दर आठवड्याला बोटं किती वाकतात ते मी मोजून लिहायचं.

मेथी पेरायला आम्ही दोघी वाफ्याच्या दोन बाजूंना बसलो. आक्कांच्या चिमटीत बी राहीना. सांडायचं. त्या पुन्हा उचलायच्या. दहा मिनिटांत घाम आला त्यांना, त्या थंडीत. पण थांबू या म्हणाल्या नाहीत. पाचव्या दिवशी वाफ्यात एका ठिकाणी मेथीचा दाट झुबका उगवला आणि बाकी जागा मोकळी. "बघ, इथं सांडलं होतं," त्या म्हणाल्या, आणि प्लास्टर निघाल्यापासून पहिल्यांदा हसल्या.

त्यानंतर मी त्यांच्या हातात जाड सुया दिल्या. आठ टाके घालून दिले, फक्त आठ. पहिला टाका काढायला किती वेळ लागला ते मी मोजलं नाही. भिंतीपलीकडं माग चालू होते. सुईचं टोक थरथरत टाक्यात शिरलं, लोकर वळली, टाका उतरला.

"ओंदु," आक्का म्हणाल्या.

मी पुस्तक उघडलं होतं, पण मला काही दिसत नव्हतं. डोळे भरले होते. "एरडु" यायला बराच वेळ लागला. मी वाट बघत बसले. त्या दुपारी अभ्यास झाला नाही, आणि मला त्याचं आजतागायत वाईट वाटलेलं नाही.

यल्लूबाईला नात झाली. स्वेटर मी पुरं केलं, टोपरं आक्कांनी विणलं. स्वेटर बऱ्यापैकी झालं होतं. टोपरं एका कानावर सैल, दुसऱ्यावर घट्ट. यल्लूबाईनं दोन्ही उलटसुलट करून बघितली आणि टोपरंच आधी पिशवीत ठेवलं.

फेब्रुवारीत परीक्षा झाली. ॲनाटॉमीच्या प्रश्नपत्रिकेत हाताबद्दल एकही प्रश्न नव्हता. सगळं पाय आणि हृदय. बाहेर येऊन मी आक्कांना फोनवर हे सांगितलं, तर त्या खऱ्याखुऱ्या संतापल्या. "मनगट विचारलंच नाही? कोण काढतं असले पेपर?" पण पायाच्या हाडांना मी घाबरले नव्हते. एकदा नावांशी ओळख कशी करून घ्यायची ते कळल्यावर पाय काय आणि हात काय.

आता मी रोज लोकांचे हात हातात घेते. ताठ, सुजलेले, आपल्याच माणसाला नकोसे झालेले. चेंडू मीही देते, पण देण्याआधी विचारते, "काय करायला आवडतं तुम्हाला?" जांबोटीकडचे एक आजोबा म्हणाले, "दावं वळायला." त्यांना काथ्या आणून दिला. एका बाईंना रांगोळी हवी होती. मॅडमनी त्या दिवशी मला हसून परत पाठवलं असतं, किंवा आक्कांनी ते जाड पुस्तक ओढून घेतलं नसतं, तर हा प्रश्न मला सुचला असता असं मला वाटत नाही. मला लोक विचारतात, शिकताना एवढे छंद कसे सांभाळलेस? मी सांभाळले नाहीत. त्यांनी मला सांभाळलं, आणि त्यांच्यामागं काही माणसं होती. आक्कांची मूठ अजून पुरती वळत नाही. करंगळी बाहेरच राहते. त्या तिला "वर्गाबाहेर उभी केलेली" म्हणतात. बाकीची चार बोटं विणतात, सैलसर, पण विणतात.

त्या वर्षीचा निकाल एप्रिलमध्ये लागला. सगळे विषय निघाले होते, फार मोठे गुण नव्हते, पण निघाले होते. ऊन मी म्हणत होतं. पायरीवर बसून मी आप्पांना फोन लावला. आक्का शेजारी कान लावून बसल्या.

"आप्पा, निघाला. सगळे निघाले."

पलीकडं पुन्हा म्हशीची घंटा वाजली. या खेपेला मी घाबरले नाही. आप्पांनी घसा खाकरला.

"बरं झालं," ते म्हणाले. मग थांबून, जरा अवघडून, "पोरी, मला एक कानटोपी विण की. रानात सकाळी लई गार वारं असतंय."

"आप्पा, आत्ता? या उन्हाळ्यात?"

"व्हय, आत्ताच. पुढच्या थंडीत तुझी परीक्षा असंल. तवा कशाला घोर तुला?"

आक्कांनी लोकरीची टोपली माझ्याकडं सरकवली. मी फोन खांद्यानं धरला आणि विचारलं, "आप्पा, रंग कुठला?"